सतरंजी कोण उचलणार?

ज्या सभेला आपण गैरहजर असतो, त्याच सभेत आपली नेमणूक होते. हा नियम कुठल्याही विद्यापीठ कायद्यात सापडणार नाही, पण राज्यातल्या एकूण एक महाविद्यालयात तो काटेकोर पाळला जातो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी मेहुण्याच्या साखरपुड्यासाठी दोन दिवस रजेवर गेलो आणि परत आलो तर टेबलावर पत्र. ‘विद्यार्थी नेतृत्व व नवोपक्रम विकास कार्यक्रमाचे समन्वयक म्हणून आपली...’ पुढचं वाचायची गरजच नव्हती. समन्वयक म्हणजे ज्याला मानधन नसतं, पण ज्याच्या सहीशिवाय चहाचं बिल निघत नाही असा इसम.

मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो. “सर, मी राज्यशास्त्राचा माणूस. नवोपक्रमातलं मला काय कळतं?”

“राज्यशास्त्र म्हणजे नेतृत्वच की हो! निम्मा कार्यक्रम तर तुमचाच झाला. आणि नवोपक्रम ट्रेनर घेऊन येतोय पुण्याहून.” नवोपक्रम ही पुण्याहून निघताना डिकीत टाकून आणायची वस्तू असावी, असा त्यांचा सूर होता. “फक्त ३१ मार्चच्या आत उरका. नाहीतर पैसे परत जातील.”

पैसे परत जाणं ही आमच्याकडची सगळ्यात मोठी नामुष्की. कार्यक्रम फसलेला चालतो, माणसं न आलेली चालतात, वक्ता दुसऱ्याच विषयावर बोललेला तर नेहमीच चालतो. पण पैसे परत गेले की संस्थेचे पदाधिकारी आपल्याकडे घर बुडवलेल्या मुलाकडे बघावं तसं बघतात.

आमचं कॉलेज सातारा आणि सांगली यांच्या मधल्या पट्ट्यात, तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला एसटी स्टँड. अशा ठिकाणी नवोपक्रम कुठून आला, असं कुणी विचारील. तो वरून आला. शिक्षण मंत्रालयाच्या इनोव्हेशन सेलनं २०१८ पासून कॉलेजाकॉलेजांत इनोव्हेशन कौन्सिलं काढायला लावली. त्यांचं वर्ष तिमाह्यांत कापलेलं असतं, प्रत्येक तिमाहीत उपक्रम करायचे, फोटोसकट पोर्टलवर चढवायचे आणि मग वर्षाखेरीला तारे मिळतात. आम्हाला दोन तारे आहेत. हॉटेल असतो तर लोक चहालाही थांबले नसते. २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉनही आहे, त्यात पोरं सलग ३६ तास बसून सरकारी खात्यांचे प्रश्न सोडवतात. तसं काही आपल्या गावात करावं असं प्राचार्यांच्या मनात आलं होतं. पण गावात सलग ३६ तास वीज राहिल्याचं कुणाला आठवेना, तेव्हा तो बेत मागे पडला.

आणि सगळ्यांच्या वर कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक. या नॅकवरून आठवलं. १९९४ हे साल आमच्या क्षेत्रात फार मोलाचं. त्या वर्षी बंगळुरात नॅकची स्थापना झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचा नवा विद्यापीठ कायदा आला, ज्यानं कॉलेजातल्या खुल्या निवडणुका संपवल्या. एका हातानं मतपेटी काढून घेतली आणि दुसऱ्या हातात फाइल दिली. कारण नव्हतं असं नाही. आदल्या काळात उमेदवार पळवणं, सायकलच्या चेन, हॉकी स्टिका, सगळं होतं. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खूनही झाला. पण त्यावर जो उपाय काढला तो मोठा गमतीचा. वर्गात जो पहिला तो वर्गाचा प्रतिनिधी! शिवाय खेळ, एनएसएस, एनसीसी आणि सांस्कृतिक यांचे एकेक आणि दोन मुली, हे प्राचार्यांनी नेमायचे. आणि मग या सगळ्यांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा.

आता पहिला येणारा मुलगा पहिला येतो तोच मुळी इतरांशी फारसं देणंघेणं नसल्यामुळे. आमच्याकडचा एक गुणवंत वर्गप्रतिनिधी आपण प्रतिनिधी आहोत ही गोष्ट वर्षभर लपवून होता. कुणी तक्रार घेऊन येईल या धास्तीनं तो ग्रंथालयात विश्वकोशाच्या कपाटामागे बसायचा. तिथे कुणी येत नाही, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

पुढे २०१६ च्या कायद्यानं निवडणुका कागदावर परत आणल्या. २०१९ साली तारखांची बोलणी झाली, लांबली, आणि मग करोना आला. आमच्या कॉलेजनं अजून मतपेटी पाहिलेली नाही. त्याआधी २००६ साली माजी निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीनं देशभरासाठी नियम सुचवले होते: उमेदवारानं ५ हजारांच्या वर खर्च करायचा नाही आणि पोस्टर छापील नको, हातानं केलेलं हवं. हे मी वर्गात शिकवतो तेव्हा मागच्या बाकावर हशा पिकतो. आमच्या भागात ५ हजारांत वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे शुभेच्छुकसुद्धा मावत नाहीत. निवडणूक आयोग आमच्या अभ्यासक्रमात लिहायला आहे, पाठ करायला आहे, नापास व्हायला आहे. करून बघायला तेवढा नाही.

तर असा नेतृत्वाचा दुष्काळ असलेल्या कॉलेजात मला ६० नेते गोळा करायचे होते. ६० का, तर मसालेभात ६० जणांचा सांगितला होता.

एनएसएसची २२ पोरं आधी घेतली. एनएसएस हे कॉलेजचं राखीव दल. झाडं लावायला, मंत्री आले तर टाळ्या वाजवायला आणि वक्त्यासमोरच्या रिकाम्या खुर्च्या भरायला ते कधीही तयार असतात. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरनं १४ मुली पाठवल्या, आणि आजूबाजूच्या गावांहून एसटीनं येणाऱ्या १७. एक मुलगा न बोलावता आला. पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला टिळा, मागे दोन जण. याचा वाढदिवस जानेवारीत झाला तेव्हा स्टँडसमोर फ्लेक्स लागला होता, त्यावर नावाआधी ‘भावी’ एवढंच लिहिलं होतं. भावी काय, ते लिहिलं नव्हतं. पद कुठलंही निघो, फ्लेक्स वाया जाऊ नये हा विचार. या मुलाला मी पुढे भावी असंच म्हणणार आहे. बाकीचे जेवणासाठी. त्यातला एक संध्याकाळी बुलेटच्या गॅरेजमध्ये कामाला जाणारा, नखांत कायम ग्रीस.

ट्रेनर साडेनऊला आले. टी-शर्टवर कोट, गालापाशी माइक, आणि पोरांना उद्देशून ‘चॅम्प्स’. सभागृहातल्या खुर्च्या बघून म्हणाले, “खुर्च्या काढा सर. खुर्चीनं हायरार्की येते. सगळे फ्लोअरवर बसू.” खुर्चीबद्दलचं इतकं खरं वाक्य आमच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातही नाही. शिपाई मामांनी कुरकुरत १२० खुर्च्या मागे रचल्या आणि गॅदरिंगची मोठी सतरंजी अंथरली. मी आणि ट्रेनर मात्र खुर्चीवर बसलो. हायरार्कीविरुद्ध बोलायला थोडी उंची लागते.

“चॅम्प्स, इथे लीडर कोण कोण आहे?” ट्रेनरनी विचारलं.

६० हात वर गेले. काही जणांनी दोन्ही वर केले.

“वॉव! मग लीडर्स, ही सतरंजी जरा दोन फूट मागे घ्या. मला चालायला जागा हवीये.”

हात खाली आले. कुणी हललं नाही. सगळे एकमेकांकडे बघू लागले, आणि मग सगळे मिळून दाराशी उभ्या असलेल्या मामांकडे बघू लागले. मामांनी तंबाखू गालात सरकवली आणि शांतपणे बाहेर बघितलं. ‘सतरंज्या उचलणारा’ हा आपल्याकडे राजकारणातला एक दर्जा आहे, आणि त्या दर्जापासून सुटका म्हणजेच नेतृत्व, हे पोरांना कुठल्याही स्लाइडशिवाय ठाऊक होतं. शेवटी ट्रेनरच मागे सरकले.

मग बर्फ फोडण्याचा कार्यक्रम झाला. बाहेर ३९ अंश. पावसासारख्या टाळ्या, रेल्वेसारख्या टाळ्या. त्याचं वर्णन मी करत नाही. माझ्या वाट्याला वर्तुळात उभं राहून आवडत्या प्राण्याचा आवाज काढणं आलं होतं, आणि मी स्टाफमधला एकटाच तिथे होतो, म्हणून ही गोष्ट अजून फुटलेली नाही.

पुढे गोष्टी सुरू झाल्या. स्टीव्ह जॉब्ज. “कुठे सुरू केली कंपनी? गॅरेजमध्ये!”

बुलेटवाल्यानं मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या ओळखीचं काही निघालं होतं. “सर, कुठल्या गाड्यांचं वो?”

“गाड्यांचं नाही. घरचं गॅरेज. गाडी ठेवायचं.”

“म्हंजे गाडी ठेवायला निराळी खोली?” त्यानं विचारलं, आणि त्या क्षणी जॉब्जच्या गरिबीवरचा त्याचा विश्वास उडाला.

मला गप्प बसवेना. मी उठून म्हटलं, इथून जवळ किर्लोस्करवाडी आहे, तिथलंही एक सांगा की. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये मास्तर होते. बढतीची पाळी त्यांची होती, पण ती दुसऱ्याला दिली. हे राजीनामा देऊन बेळगावला आले. तिथं सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर. नांगर केला तर घेईना कुणी; लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी समजूत. पहिला नांगर विकायला दोनेक वर्षं गेली म्हणतात. मग १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर वाडी उभी राहिली. बढती नाकारल्यामुळे देशाचं एवढं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. आमच्या स्टाफरूममध्ये सध्या अकरा जणांच्या बढत्या अडकल्यात. एकानंही अजून नांगर केलेला नाही.

आणि हे नांगर गावोगाव फिरून विकणाऱ्यांत होते भाऊराव पाटील. तेच कर्मवीर. विक्रीच्या निमित्तानं खेडी पालथी घालताना त्यांनी पोरांची दशा बघितली, आणि १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था निघाली. पुढे बोर्डिंगातली पोरं स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायची, खडी फोडायची, आणि शिकायची. आमच्या स्टाफमधले निम्मे लोक त्या ‘कमवा आणि शिका’च्या अंगणातून आलेत. मी रंगात आलो होतो, पण ट्रेनरनी घड्याळ दाखवलं. “ग्रेट इनपुट सर. आपण याला आंत्रप्रन्युरियल इकोसिस्टिम म्हणू.” म्हणा.

यानंतर मनोरा. हा खेळ जगभर खेळतात: स्पॅगेटीच्या २० काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा आणि एक मार्शमेलो. १८ मिनिटांत सर्वांत उंच मनोरा उभा करायचा आणि मार्शमेलो टोकावर ठेवायचा. टॉम वुजेक नावाच्या गृहस्थांनी तो ठिकठिकाणी घेतला आणि त्यांना असं आढळलं की नुकते एमबीए झालेले लोक बालवाडीतल्या पोरांपुढे हरतात. पोरं पहिल्यापासून मार्शमेलो वर ठेवून बघतात. मोठ्यांचा वेळ आपल्यात साहेब कोण हे ठरवण्यात जातो.

आमच्या तालुक्यात स्पॅगेटी मिळत नाही. शेवया लवतात. म्हणून खराट्याचे हीर घेतले, मामांचा जीव की प्राण असलेला नवाकोरा खराटा मोडून. मार्शमेलोच्या जागी साताऱ्याचा कंदी पेढा. पण कंदी पेढा म्हणजे खव्याचा ऐवज, त्याला वजन असतं. एकेक मनोरा नमस्कार करत खाली आला. एकाच गटाचा ताठ उभा, चांगला कमरेइतका. ट्रेनर धावत गेले. “पण वर पेढा कुठाय?”

“खाल्ला, सर. तेवढा गृहीत धरा.”

नंतर वाटलं, आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्या योजना याच पायावर उभ्या आहेत.

जेवणानंतर विचारमंथन. यासाठी मी आदल्या दिवशी चिकटचिठ्ठ्या आणायला गेलो होतो, तेव्हा दुकानदार म्हणाला, “सर, या नीट चिकटत नाहीत. नंतर परत आणू नका.” त्या न चिकटण्यासाठीच असतात, हे मी त्याला सांगितलं नाही. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर या रसायनज्ञानं १९६८ साली घट्ट डिंक करायला घेतला आणि झाला लेचापेचा. आर्ट फ्राय नावाचा त्याचा सहकारी चर्चमध्ये गायचा; गाण्याच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या गळून पडतात म्हणून वैतागलेला. १९७४ साली त्याला तो बिघडलेला डिंक आठवला. १९८० साली चिठ्ठ्या अमेरिकाभर बाजारात आल्या. फसलेला डिंक बारा वर्षं सांभाळणं! आमच्याकडे पहिल्या तिमाहीतच स्पष्टीकरण मागितलं असतं, आणि तिसऱ्या तिमाहीत तो डिंक निर्लेखित झाला असता.

मंथनाचा मूळ पुरुष अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न, अमेरिकेतला जाहिरातवाला. त्याचा मुख्य नियम असा की कुणाच्याही कल्पनेला नावं ठेवायची नाहीत. हा नियम मराठी माणसाला पाळायला सांगणं म्हणजे माशाला कोरडा राहा म्हणण्यासारखं. तरी पोरांनी प्रयत्न केला. प्रत्येकी तीन, अशा १८० चिठ्ठ्या लिहून झाल्या आणि भिंतीवर लावल्या. भिंत चुन्याची. पंखा सुरू केला मात्र, ६० नेत्यांची दूरदृष्टी सतरंजीवर येऊन पडली. बुलेटवाला उठला, पातेल्यातल्या उरलेल्या भाताची शितं घेऊन आला आणि शीत दाबून एकेक चिठ्ठी बसवू लागला. आता त्या भिंतीवरून निघत नाहीत. त्या डिंकाचा सगळा मोठेपणा आमच्या मसालेभातानं घालवला.

विषय मात्र वरून ठरून आला होता: ऊसशेतीत ड्रोनचा वापर. चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. ड्रोनबद्दल तीन. कॅन्टीनमधला वडा मोठा करावा, २६. ग्रंथालयाचा पंखा, १२. आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही, ४१. मुली ३१ होत्या, म्हणजे काहींनी दोनदा लिहिलं असणार. एकीनं तीनही चिठ्ठ्यांवर तेच लिहिलं होतं, तिसऱ्यावर नुसतंच ‘कडी!!’.

मी खालमानेनं उभा राहिलो. कडीचा अर्ज गेल्या वर्षी माझ्याच टेबलावरून वर गेला होता. शेरा पडून आला: ‘दुरुस्ती शीर्षाखाली तरतूद शिल्लक नाही.’ शिल्लक होती ती नवोपक्रम शीर्षाखाली, आणि कडी हा नवोपक्रम नव्हे.

ट्रेनर क्षणभर थांबले, पण माणूस हुशार. “सी, ही एम्पथी स्टेज आहे! आता बॅच लीडर हवा, जो हे विद्यापीठापुढे मांडेल. कन्सेन्ससनं ठरवा.”

कन्सेन्सस म्हणजे काय, असं एकीनं विचारलं. एकमत, मी सांगितलं.

“आणि न्हाय झालं तर?” ती म्हणाली. ही चार पन्नासच्या एसटीनं जाणारी, पहिल्या बाकावरची नव्हे, मधल्या. “मतदान घ्यूया की, सर.”

सभागृहात एकदम शांतता. भावी ताठ बसला. मला घाम फुटला. नेतृत्व विकासाच्या दिवशी सगळं चालणार होतं, बेडूक होणं, मनोरे, टाळ्या. नेता निवडणं तेवढं चालणार नव्हतं. मी म्हटलं, बघा, मतदान हा शब्द नको. पोरं म्हणाली, शब्द नको तर नको. उरलेल्या चिठ्ठ्या त्यांनी वाटायला घेतल्यासुद्धा. मतपेटी म्हणून कंदी पेढ्यांचं रिकामं खोकं आलं. बुलेटवाल्यानं त्याला चीर पाडली. माझा सगळा आचारसंहितेचा धडा त्यांना पाठ होता, हे मला परीक्षेच्या पेपरांवरून कधीच कळलं नव्हतं.

उमेदवार दोन. भावी उभा राहिला, हात जोडले आणि सहा मिनिटं बोलला. व्हिजन, युवाशक्ती, कृष्णाकाठ, माताभगिनी, आणि कडीचा प्रश्न मंत्रालयापर्यंत नेण्याचं वचन. टाळ्या उत्तम. मग ती उठली.

“मी निवडून आले तर आज कडी बसंल. आणि हे सगळं साडेचारला संपंल.” बसली.

चिठ्ठ्या पडत होत्या, तेवढ्यात दारात प्राचार्य. मागे संस्थेचे एक संचालक. “काय चाललंय?”

“ब्रेनस्टॉर्मिंग, सर,” मी म्हणालो. आयुष्यात इतक्या चटकन मी कधी उत्तर दिलेलं नाही.

“छान, छान. फोटो काढा. जिओटॅग येतोय ना?” आणि ते गेले.

मोजणी झाली. ६० मतदार, चिठ्ठ्या ६१. बोगस मतदान! भावीचे दोघं उठून उभे राहिले. १९८९ साल माझ्या डोळ्यांपुढून गेलं. तेव्हा दारातून मामा म्हणाले, “एक माझं हाय. सतरंजी मी घालायची, खराटा माझा मोडायचा, आन मत तेवढं नाय द्यायचं व्हय?”

यावर लिंगडोह समितीतही काही तरतूद नाही. मत ग्राह्य धरलं. तिला ३८, भावीला २१, एक कोरी, आणि एकीवर ‘वडा मोठा करा’. भावीनं फेरमोजणी मागितली. पुन्हा २१. “असं कसं सर, माझीच सव्वीस होती. मी धरलीवती.” तो सतरंजीवर बसलेल्या एकेकाकडे बघू लागला, आणि एकेक जण जिकडे-तिकडे बघू लागला. शुभेच्छुक आणि मतदार यांतला फरक त्या सकाळच्या ७४ स्लाइडमध्ये कुठेही नव्हता.

पुढचं भराभर झालं. तिनं माणशी एक रुपया गोळा केला. ६० रुपये जमले. बुलेटवाला हार्डवेअरच्या दुकानात जाऊन कडी आणि स्क्रू घेऊन आला, बाराव्या मिनिटाला दारावर ठोकठोक ऐकू आली. मग मुलींनी रांग लावून ती आतून लावून बघितली. ट्रेनर भारावून म्हणाले, “क्राउडफंडिंग, प्रोटोटाइप, टेस्टिंग, सगळं एका तासात!” माझ्या मते तो एक बोल्ट होता. चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी तिनं ट्रेनरना विचारलं, “सर, संपवायचं ना?” आणि त्यांच्या ५९ व्या पुढच्या पंधरा स्लाइड तशाच राहिल्या. प्रमाणपत्रं वाटली. ती आदल्या आठवड्यातच छापून आली होती. ‘उत्कृष्ट नेतृत्वगुण दाखवल्याबद्दल’ असं सगळ्यांच्याच वर लिहिलं होतं, जेवणापुरते आलेल्यांच्याही.

अहवाल मी रात्री पोर्टलवर चढवला. निवडणुकीला ‘सहभागी एकमत-निर्मिती उपक्रम’ असं नाव दिलं. कडीपाशी तासभर अडलो. शेवटी लिहिलं: ‘स्थानिक संसाधनांतून अल्पखर्चिक खासगीपणा-संरक्षण यंत्रणा, संकल्पनेपासून अंमलबजावणीपर्यंत.’ प्राचार्यांना ते इतकं आवडलं की येत्या नॅकला दोन उत्तम प्रथा दाखवाव्या लागतात त्यांतली एक म्हणून ते घेणार आहेत. मुलांच्या बाजूची कडी अजून नाही. ती दुसऱ्या प्रथेसाठी राखून ठेवावी, अशी सूचना आली आहे.

पण हे रात्रीचं. त्या संध्याकाळी चार पन्नासची एसटी गेली, वसतिगृहाच्या मुली गेल्या, ट्रेनरची गाडीही गेली. मामा मोडक्या खराट्याचे हीर गोळा करत बसले होते. मी दिवे घालवायला सभागृहात गेलो, तर आत कुणीतरी होतं. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. भावी एकटाच सतरंजीची घडी घालत होता. एक टोक पायाखाली दाबून, दुसरं ओढत. नवखा होता, घडी तिरकी येत होती.

“असू दे रे, मामा करतील,” मी म्हणालो.

“न्हाय सर, असू द्या.” त्यानं ती तिरकी घडी खांद्यावर घेतली आणि दारात थांबला. “सर, पुढच्या वर्षी हाय ना हा प्रोग्राम? तारीख कळली की पयलं मला सांगा.”